हद्दीपलीकडचा कचरा

आमच्या ग्रामपंचायतीच्या मुकादमाची काठी जादूची आहे. तिनं ढकललेला कचऱ्याचा ढीग, खोटं सांगत नाही, टुणकन ओढा ओलांडून मुरबाड तालुक्यात उतरतो. मग मुकादम मिशी पुसत म्हणतो, "आपल्या हद्दीत काय नाय."

पलीकडचा मुकादमही तेच करायचा. शेवटी दोन्ही ग्रामपंचायतींनी ओढ्याच्या दोन्ही काठांसाठी एकच सफाई पथक नेमलं आणि दोघा मुकादमांना त्यात घेऊन शिट्ट्या दिल्या. पहिल्याच दिवशी आमचा गडी ढिगापुढे पोरका उभा.

"आता ढकलू कुठं रे?" त्यानं जोडीदाराला विचारलं.

दोघांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला पाहिलं. तिथं तिसऱ्या गावची बाई हंडा भरत होती. तिनं दोघांची नजर ओळखली.

"मुकादम, आमचं गाव पन घ्या पथकात," ती म्हणाली. "पन आदी काठी खाली ठेवा."