मुलं कोण सांभाळतं?

मी हट्टी आहे हे माहेरी, सासरी आणि सायली गावातल्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. या हट्टाचा फायदा मला क्वचितच झाला. एकदा झाला तो दुसऱ्याच एका बाईला, आणि तोही माझ्या मनाविरुद्ध.

आमच्याकडे डब्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. मोठ्या मशिनींमधून ती खाली पडतात, आणि बायका त्यांतली वाकडीतिकडी बाजूला काढून बाकीची खोक्यांत भरतात. मशिनीवर पुरुष आणि पॅकिंगला बायका, ही वाटणी मी रुजू झाले त्याच्याही आधीची. माणसं घ्यायचं आणि बढतीच्या मुलाखतींचं काम माझ्याकडे आहे. मुलाखतीचा फॉर्मही मीच तयार केलेला, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता. बायकांच्या फॉर्मवर एक खास रकाना होता: मुलं किती, कोण सांभाळतं. पुरुषांच्या फॉर्मवर त्या जागी उंची आणि वजन लिहायचं.

हा प्रश्न मला कधी दुष्टपणाचा वाटला नाही. टोकरखाड्यात बिऱ्हाड थाटून मी नोकरी शोधत होते तेव्हा मलाही तो विचारला होता. मी "सासूबाई" म्हटलं आणि मला घेतलं. माझे यजमान इथल्याच शाळेत मास्तर आहेत, त्यांना तो आजवर कुणी विचारलेला नाही. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी मुंबईच्या काही मंडळींनी कारखान्यात भांडवल घातलं. नव्या मशिनी आल्या आणि मशिनींच्या पाठोपाठ त्या मंडळींकडून एक तरुण बाई आली. केस आखूड, बोलणं अगदी हळू. दोन दिवस ती माझ्या कपाटातल्या फायली चाळत बसली. मी तिला रोज चहा पाजला आणि मनातल्या मनात तिच्या जाण्याचे तास मोजले. तिसऱ्या दिवशी तिने एका बाईचा आणि एका पुरुषाचा असे दोन फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा प्रश्न एक तर काढून टाका, नाही तर सगळ्यांना विचारा," ती म्हणाली. "नव्या मशिनींवर माणसं निवडाल, तेव्हाचे सगळे फॉर्म मला पाठवा."

मी तडक शेठकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बेन, ए कहे छे तेम करो ने." म्हणजे ती म्हणते तसंच करा.

मला भयंकर राग आला. कालची पोर मला माझं काम शिकवते म्हणजे काय? प्रश्न काढायचा तर मी मुळीच काढणार नव्हते. तो किती रास्त आहे हे तिला दाखवून द्यायचं, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. सगळ्यांना विचारायचं, आणि अगदी त्याच शब्दांत. उंची आणि वजनही सगळ्यांचं घ्यायचं.

नव्या मशिनींवर ऑपरेटरच्या दोन जागा होत्या. अर्ज आले पाच. चार पुरुषांचे आणि एक पॅकिंगमधल्या बाईचा. ही नंदुरबारकडची, सामरवरणीला चाळीत राहणारी, दोन मुलांची आई. चार वर्षं ती पॅकिंगला होती आणि ऑपरेटर होण्यासाठी याआधी दोनदा अर्ज करून दोन्ही वेळा नापास झाली होती. नापास मीच केली होती. पाळ्या दर आठवड्याला बदलणार, लहान मुलं घरी, हिला कसं जमायचं? पॅकिंगमध्ये कायम होता येत नाही, ऑपरेटरला येतं. या वेळी झालं नाही तर गावी परत जाणार, असं तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, आणि ते माझ्या कानावर आलं होतं.

मुलाखतीला माझ्याबरोबर प्रॉडक्शन मॅनेजर होते. वापीकडचे, बोलायला मोकळे. पहिला उमेदवार धुळ्याकडचा जवान गडी. मशिनीबद्दल धडाधड उत्तरं दिली. मग मी माझा रकाना उघडला.

"मॅडम, लग्नच नाही झालं."

"लग्नानंतर नोकरी सोडणार का?" हाही प्रश्न त्याच रकान्यात होता.

त्याने आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिलं. "सोडून खाऊ काय?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसरा चांगला चाळिशीचा. मुलं कोण सांभाळतं, म्हटल्यावर त्याला प्रश्नच कळेना. "घरी आहे ना ती."

"ती आजारी पडली तर?"

"ती नाही पडत आजारी."

"कधीच नाही?"

तो खरंच आठवू लागला. "पडली असेल तर मला काही बोलली नाही," असं तो शेवटी म्हणाला, आणि जरासा खजील झाला. मीही झाले, पण मी पेन चालू ठेवलं.

तिसऱ्याला मुलाची इयत्ता सांगता येईना. तिसरी की चौथी यावर तो इतका अडला, की "मॅडम, एक फोन लावू का घरी?" म्हणाला. साहेब म्हणाले, "लाव, लाव, मला पण जाणून घ्यायचंय." चौथी निघाली.

चौथ्याने मात्र मान खाली घातली. त्याची बायकोही दुसऱ्या एका कंपनीत कामाला होती. सकाळी मुलीची वेणी घालून तिला शाळेत सोडायचं काम याच्याकडे, आणि उशीर झाला की हा आमच्याकडे "पंक्चर झालं" म्हणून सांगायचा. साहेब चकित झाले. "अरे, मी तर तुला नवीन टायर घ्यायला सांगणार होतो." तो म्हणाला, "खरं सांगितलं तर पोरं हसतात, साहेब." मला तो एकदम आवडला.

मग ती आली. धुतलेला एप्रन, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. साहेबांनी आधी मशीन विचारलं. झाकणाची कड अर्धवट येत असेल तर काय करशील? ती म्हणाली, "माल नीट वितळत नसंल तर तसं येतं. झाकण पडलं की आवाज बी वेगळा येतो, सायेब. चार वर्सं तोच ऐकते ना मी." साहेब पुढे सरकून बसले.

मी रकाना वाचला. मुलं किती, कोण सांभाळतं.

"दोन. सकाळची पाळी आसली तर शेजारीण त्यांना शाळेत धाडते, ती दुपारी कामाला जाते. दुपारची आसली तर मीच धाडते, आन् संध्याकाळी मी येईस्तोवर आमचे मालक घरी ऱ्हातात, त्यांचं टेम्पोचं काम पाचला सुटतं. कोनी आजारी पडलं तर सासू गावाहून सकाळच्या एस्टीनं येते. तिला सांगून ठेवलंय."

"आणि एवढं सगळं एकाच दिवशी फिसकटलं तर?" मी चिकाटी सोडली नाही.

"तर एक रजा टाकंन, मॅडम. तुमी बी टाकता ना?"

टाकते. आम्ही दोघांनी फॉर्म समोर मांडले. त्या प्रश्नाला पाच जणांत दोघांनीच धड उत्तर दिलं होतं, आणि ज्या प्रश्नाने मी तिला दोनदा घरी पाठवलं त्यात ती पहिली आली होती. मशिनीच्या प्रश्नांतही तीच पहिली होती. साहेबांनी दोन नावांवर टिक केली: ती, आणि वेणी घालणारा. मी नाही म्हणू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर मला म्हणायचंही नव्हतं.

निकाल सांगायला मी तिला आत बोलावलं. मी खुशीत होते, एवढा न्याय आपल्याच हातून झाला म्हणून जरा फुगलेही होते. म्हटलं, "अगं, इतकी नीट व्यवस्था आहे, तर आधीच्या दोन्ही वेळी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं व्हतं, मॅडम. दोन्ही खेपेला हेच सांगितलं व्हतं. तुमी 'दोन मुलं' लिवलं आन् कागद मिटला."

तिला बसवून ठेवून मी कपाटातून तिचे जुने फॉर्म काढले. दोन्हींवर माझ्याच अक्षरात 'मुलं दोन, लहान' एवढंच होतं. खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या. मला तिच्यासमोर बसवेना.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

असं म्हटलं की आपल्याकडे समोरचा माणूस "असू द्या" म्हणतो. मीही त्याचीच वाट पाहत होते. ती "हो" म्हणाली, आणि सोमवारी पाळी कोणती ते विचारलं.