मिलोसावाने वाटा घेतला

दर शनिवारी बाजारात चीज विकून झालं की मिलोसावा निक्शिच शहराच्या वाचनालयात यायची. मी तिथे काम करते. ती माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. कादंबरी घेतली की आधी शेवटचं पान वाचायची.

"मेला की जगला, ते आधी कळलेलं बरं," म्हणायची. "मग शांतपणे वाचता येतं. साहित्याची पदवी घेऊन तुला हे शिकवलं नाही का कोणी?"

तिने परत केलेल्या पुस्तकांना धुराचा वास यायचा. ती वर डोंगरात, कामेन्दो गावी, वडिलांजवळ राहायची. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ व्हुकोटा राजधानीत, पोद्गोरित्साला, टायरचं दुकान चालवायचा. वडिलांना, पेरिशाकाकांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. पुढची नऊ वर्षं तिने त्यांना भरवलं, उचललं, धुतलं. बावीस मेंढ्या सांभाळल्या. छपराची कौलं स्वतः बदलली. व्हुकोटा सणाला यायचा. जाताना चीज घेऊन जायचा.

एप्रिलमध्ये पेरिशाकाका गेले. मृत्युपत्र नव्हतं. पोटच्या पोरांवर विश्वास नसेल त्याने ते करावं, असं ते म्हणायचे. जूनमध्ये नोटरीकडे वारसांची सुनावणी लागली.

आमच्याकडे अशा सुनावणीला पाच मिनिटं लागतात. कायद्याने मुलामुलीला सारखा वाटा आहे. नोटरी विचारते, बहीण म्हणते, "मी भावाच्या नावे सोडते," आणि सही करते. मग सगळे जेवायला जातात. माझ्या आईने असंच सोडलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मिलोसावा म्हणाली, "मी घेते."

हे तिनेच मला सांगितलं. नोटरीबाईने चष्मा काढला म्हणे, आणि पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "घेते. जमिनीवरून मी भांडणार नाही. पण घर अर्धं माझं." कागद अपुरे होते, म्हणून तारीख पुढे गेली. ऑक्टोबरची.

पुढच्या रविवारी तो कामेन्दोला आला. सोबत गोस्पावाआत्या. मी तिथेच होते, चीज गाळायला मदत करत होते.

"तुला घराबाहेर कोणी काढलंय का?" तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "राहा की मरेपर्यंत. कागदावर मात्र घर आपल्या आडनावावर राहू दे. उद्या तू लग्न केलंस तर?"

"एक्केचाळिसाव्या वर्षी? स्थळ असेल तर सांग, दादा. दात असलेलं बघ."

आत्या हसली नाही. "मी सोडलं. माझ्या आईने सोडलं. तुझेच हात तेवढे सोन्याचे का?"

"नाही, आत्या. भेगा पडल्यात. बघ ना." तिने हात पुढे केले.

आत्याने मान फिरवली. व्हुकोटा उठला. दारात थांबून म्हणाला, "ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, मिलोसावा. मी वाट बघतो."

त्यानंतर तिचं चीज कोणी घेईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. भावाचं घर खाल्लं, असं बायका तिला ऐकू जाईल इतपत म्हणायच्या. ऑगस्टमध्ये तिचा कुत्रा मेला. तोंडाला फेस होता. "म्हातारा होता," ती म्हणाली. तो चार वर्षांचा होता.

सप्टेंबरमध्ये तिने मला वर बोलावलं. फोनवर काही सांगितलं नाही. थेट कबरस्तानात घेऊन गेली.

आमच्याकडे घराण्याच्या कबरीच्या दगडावर जिवंत माणसांचीही नावं आधीच कोरून ठेवतात. जन्माचं साल, मग आडवी रेघ. पुढची जागा रिकामी. लग्न न झालेली मुलगी बापाच्या दगडावर असते. मिलोसावाचंही नाव तिथे होतं, बारा वर्षांपासून.

आता रेघेपुढे साल होतं. १९८२ – २०२३. अक्षरं ताजी होती. खाचांत पांढरी भुकटी होती.

तिने बोटाने भुकटी पुसली.

"कोरणाऱ्याला फोन केला मी," ती म्हणाली. "पोद्गोरित्साचा आहे. बिचारा घाबरला. म्हणाला, बाई, तुमच्या भावाने सांगितलं, मला वाटलं तुम्ही गेलात."

"पोलिसांत जाऊ या."

"काय सांगू? भावाने दगडावर लिहिलं?"

"मग सोडून दे! राहा माझ्याकडे. मिलोसावा, सोडून दे ते घर."

"नऊ वर्षं मी त्या घरात रात्री दोनदा उठले. बाबांची कूस बदलायला. ते घर सोडलं तर ती वर्षं मी कुठे होते, सांग."



ऑक्टोबरात मी तिच्यासोबत गेले. व्हुकोटा काळ्या कपड्यांत होता. वडिलांच्या दुखवट्याचेच असावेत. नोटरीबाईने विचारलं. मिलोसावा म्हणाली, "घेते." निकाल झाला. घर दोघांचं, अर्धं अर्धं, वाटणी न करता. व्हुकोटाने हरकत घेतली नाही. सही केली आणि आमच्याआधी निघाला.

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी खूश होते. हे लिहायला हवं. मला वाटलं, संपलं.

कामेन्दोला, घराच्या अंगणात, टेंपो उभा होता. दोन माणसं पलंग उतरवत होती. पेरिशाकाकांच्या खोलीत, मिलोसावाच्या भिंतीला लागून, कपाट आधीच लावलेलं होतं. व्हुकोटा दारात उभा होता. बाह्या दुमडलेल्या. इतका प्रसन्न मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मी इकडेच राहायला आलो," तो मला म्हणाला. "दुकान पोरगा बघेल. या ना, बसा. घरात दुसरं कोणी नाही, पण कॉफी करता येते मला."

मिलोसावा माझ्या शेजारीच उभी होती. माझ्या कोपराला तिचा कोपर लागत होता. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. सामान उतरवणाऱ्यांनीही नाही.

"दादा," ती म्हणाली.

तो माझ्याकडे बघून हसत राहिला. "साखर किती?"

शेवटची बस साडेपाचला होती. मी तिचा हात धरला. "चल माझ्याबरोबर. आजची रात्र तरी."

"आजची रात्र गेले, तर उद्या कुठल्या दारातून येऊ?" तिने हात सोडवून घेतला. डोक्याचा रुमाल नीट केला. भावाच्या अंगाला अंग लागू नये अशी, तिरकी होऊन, ती आत गेली.

तो तिच्या मागून आत गेला. दार आतून लागलं. कोणी लावलं ते मला दिसलं नाही.