नखभर खळगा

फरशीवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. काम सुटून सहा वर्षं झाली होती, पण अंगवळणी पडलेलं सुटत नाही. आज बायकोला शहरातल्या बागा आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांचं संग्रहालय दाखवायचं होतं. हट्ट तिचाच. तिची नजर कडांकडून विझत चालली होती. किती महिने उरले, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

पहिल्या बागेला कुलूप.

"अहो, पाखरंसुद्धा उठली नाहीत अजून," ती म्हणाली. "हजेरी लावायची होती का तुम्हाला?"

"उशिरापेक्षा लवकर बरं."

ती फाटकाच्या पायरीवर जाऊन बसली.

एकतीस वर्षांपूर्वी त्याला उशीर झाला होता. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात तेव्हा एकही प्राणी नव्हता. नुसती फरशी, आणि ती मशीनने घासणारा हा. 'बाबा हत्तीचं घर बांधतायत' असं पाच वर्षांची लेक गल्लीभर सांगायची. त्या रविवारी ती तापाने फणफणली. दुपारी शेजाऱ्याने दालनाच्या दारातून ओरडून निरोप दिला. हा दवाखान्यात पोचला तो दिवेलागणीला. तोवर सगळं संपलं होतं. का उशीर झाला, हे बायकोने कधी विचारलं नाही. तो प्रश्न रोज ताटाबरोबर वाढला जायचा.

बाग उघडली. तिने एका गुलाबाला नाक लावलं.

"लाल ना हा?"

"पिवळा."

"असू दे. वास लालच आहे."

तळ्याकाठच्या दुसऱ्या बागेत वाफ्याच्या कडेच्या विटा वाकड्या बसल्या होत्या. तो थांबलाच. "डोळे मिटून लावल्यात का कुणी?" म्हणाला, आणि जीभ चावली.

"चला," ती हसली. "आंधळी लावेल तरी सरळ."

संग्रहालयात कातड्यांचे रंग उडू नयेत म्हणून उजेड मंद ठेवला होता. तिला धूसर खांब तेवढे दिसले.

"हत्ती कुठाय?"

"समोर. हाडंच आहेत नुसती."

"मोठा आहे?"

"आपल्या खोलीत शेपूटही मावणार नाही."

तिने चपला हातात घेतल्या. हल्ली अंधारात ती पायांनीच वाट ओळखायची. चार पावलं चालली. "आरसाच की हो!" त्याच्या कामाला तिने आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हटलं. मग तिसऱ्या खांबापाशी तिचा पाय अडला. पुढे गेला, मागे आला.

"इथे खोल लागतंय."

जमीन खचली असेल, असं त्याला म्हणता आलं असतं. पण कामाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता.

"नखभर आहे. माझ्याच हातचं. मशीन एका जागी थांबलं की फरशी खातं. निरोप आला तेव्हा मी इथे होतो. हात पुढे सरेना."

"म्हणजे ऐकू आलं होतं?"

"हो."

"आणि तरी निघाला नाहीत?"

"रविवारची दुप्पट रोजी होती. अर्ध्यात सोडलं तर काहीच मिळालं नसतं. तिचं औषध महाग होतं."

"मी आजवर मनाला समजावत आले," ती हळू म्हणाली, "की मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकूच गेलं नसेल."

ती त्या खळग्यात पाय ठेवून उभी राहिली. लोक वळसा घालून हत्तीकडे जात होते. बऱ्याच वेळाने तिने हात पुढे केला. बाहेरची वाट दिसत नव्हती, म्हणून. त्याने तो धरला.

रोजी त्या दिवशी पुरी मिळाली होती, दुप्पट. औषधाची गरज उरली नव्हती. त्या पैशांत त्याने लेकीला दवाखान्यातून घरी आणायला गाडी केली.