मी न वाचलेला कागद

“वाचा सूनबाई. काय म्हणतोय ह्यो काजळवाला?”

रोहन, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, त्यांना मी मामा म्हणायची, कॅसेटमधला घडीचा कागद माझ्यापुढं धरला. ईट गावातल्या त्या घरात मी नवी सून. ओसरीवर सगळी भावकी. कॅसेट माझ्या धाकट्या दिराची, पुण्याला शिकताना आणलेली. दुपारी आम्ही दोघं ती ऐकायचो. इंग्रजी गाणी. एका पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाची, आडपडदा न ठेवता. कागदावर गायकानं स्वतःबद्दल तसं स्पष्ट लिहिलं होतं. मामांना त्यावरच्या काजळ घातलेल्या फोटोवरून शंका आली होती, गायकाची आणि पोराचीही.

दीर खांबाशी उभा. मान खाली.

मला शब्द न् शब्द कळत होता. मी म्हणाले, “मला येत नाही, मामा.”

“मग बीए कशाची केली? गवऱ्या थापायची?”

भावकी हसली. माझ्या वडिलांचा उद्धार झाला. मामांनी फीत ओढून काढली आणि चुलीत टाकायला माझ्याच हातात दिली. मी टाकली. पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर मला हाक यायची, “ओ बीए, पाणी आणा.”

मी दिराला वाचवलं, असं स्वतःला सांगत आले. पण तो पुन्हा माझ्याजवळ बसला नाही. मला सगळं वाचता येतं, हे त्याला ठाऊक होतं. जिला कळत होतं, तिलाही ते तोंडानं सांगवेना. त्यानं लग्न केलं नाही. कुणाशी मोकळं बोलला नाही. गेल्या वर्षी गेला.

रोहन, त्या जळलेल्या कॅसेटचा तू शोधून पाठवलेला अल्बम काल फोनवर ऐकला. गाणारा कुठंच अडखळत नाही. मला तिसऱ्या गाण्यापुढं जाववेना.

परवा तुझ्या बाबाचा फोन आला. “आई, दिवाळीला रोहन त्याच्या जोडीदाराला आणतोय. गावात मित्र म्हणून सांग.”

“नाही सांगणार.”

“आई, तुला तिथं राहायचंय.”

“म्हणूनच.”

तर या दोघं. फराळाला तुम्हाला घरोघरी मी नेईन. पहिलं घर थोरल्या चुलत दिराचं. त्यांनी विचारायच्या आत मी सांगेन, हा माझा नातू, हा त्याचा जोडीदार, दोघं संसार करतात. त्यांनी दार लावलं तर पुढचं घर. ईटमध्ये घरं पुष्कळ आहेत.