तोंडातल्या टाचण्या

शिवणाऱ्या मावशीला खोकला झाला होता, हे खरं. पण खोकला आठवडाभरात गेला आणि औषध मागे राहिलं. पाहुणा म्हणून आलं आणि घरमालक होऊन बसलं म्हणा ना! गोड, दाट औषध. घोट पोटात गेला की दुपार लांबत जायची, मशीनचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. हातातलं कापड, खिडकीतलं ऊन, शाळेतून आलेली लेक, सगळं एकाच संथ लाटेवर हलत राहायचं. त्या लाटेवरच लेक मोठी झाली आणि नोकरी लागताच वेगळी राहायला गेली.

पुढे मावशी त्यातून सुटली. कशी सुटली ते तिचं तिला माहीत. आणि जिथे बरी झाली त्याच व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक व्हायला शिकू लागली. गल्लीनं नाक मुरडलं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात," मावशी म्हणाली. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

केंद्रातल्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि खिडकीला पांढरा पडदा. वारा आला की पडदा फुगायचा आणि हळूहळू खाली बसायचा. तिथे एक दिवस हॉटेलातला आचारी समोर येऊन बसला. शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात बसून पाहत होत्या. आचारी चाचरत म्हणाला, "तसं माझं काही फार नाही हो..."

"फार नाही, फक्त झोप यावी म्हणून, हो ना?" मावशी म्हणाली. "आणि बाटली कुठे? पिठाच्या डब्यात!"

बाटली खरोखरच पिठाच्या डब्यात होती. आचारी टोपी उचलून निघून गेला.

"अचूक ओळखलंत," बाई म्हणाल्या. "पण ते त्याला सांगायचं होतं. तुम्ही त्याच्या तोंडातून काढून घेतलंत. हे असंच चाललं तर मी तुम्हाला या खुर्चीत बसवू शकणार नाही." मावशीचा चेहरा पडला, तसं त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकं बोलायची का हो तुमच्याशी?"

"बोलायची? अहो, सासवा, नवरे, दुखणी, सगळं माझ्याच कानात! मी काय बोलणार, तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या."

"मग इथेही धरा की."

त्या दिवसापासून मावशी ओठ मिटून, नसलेल्या टाचण्या धरून बसू लागली. सुरुवातीला जीव नुसता कासावीस व्हायचा. आचारी परत आला तेव्हा बराच वेळ पडदाच काय तो हलत होता. मग तो आपणहून पिठाच्या डब्यापाशी आला, आणि तिथून त्याच्या बायकोपाशी, आणि रडला. मावशीला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

पण एक स्वप्न तिचा पिच्छा सोडत नव्हतं. ती न संपणारं हिरवं कापड शिवते आहे. कापडाच्या पार पलीकडच्या टोकाला लेक उभी राहून काहीतरी सांगते आहे, पण मशीनच्या आवाजात ते ऐकूच येत नाही. पाय थांबवावा म्हटलं तर थांबत नाही. जागेपणी लेक सुटीच्या दिवशी यायची, तब्येत विचारायची, चहा पिऊन जायची. मनातलं अक्षर काढायची नाही. मावशीला नेमकं तेच ऐकायचं होतं.

एका सुटीच्या दुपारी लेक स्कर्ट घेऊन आली. "जरा आखूड करून दे."

ती फिरत्या स्टुलावर उभी राहिली. मावशी खाली बसून, तोंडात टाचण्या धरून घेर दुमडू लागली. भिंतीवर ऊन होतं. स्टूल हळूहळू वळत होतं.

"आई, शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते," लेक एकदम म्हणाली. "तू हिरवा झगा शिवून आणणार होतीस. मी फाटकात वाट बघत उभी राहिले. शेवटी शाळेतल्या बाईंनी मला पडद्याचं कापड गुंडाळलं."

मावशीचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. 'अंगात ताप होता गं' हे जुनं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. त्याच्या मागे 'चुकलं गं माझं' होतं, तेही बाहेर पडायला धडपडत होतं.

"आणि घरी आले तर तू म्हणालीस, छान झालं ना नाटक?"

टाचणी. घडी. टाचणी. स्टूल पूर्ण फिरून आलं. लेकीचा आवाज चिरला, "तोंडात टाचण्या आहेत म्हणून गप्प आहेस ना?"

मावशीनं वर पाहिलं. डोळे भरून आले होते. तिनं तोंड उघडून दाखवलं. आत एकही टाचणी नव्हती. सगळ्या केव्हाच घेराला लागल्या होत्या.

लेक बघत राहिली. स्टुलावरून उतरली मात्र नाही.

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी ना, आई..." ती म्हणाली.