चिंचेखाली बंद पडणारी गाडी

आबा, माझे वडील, गेले ते वाटेतच. दौंडहून शिरूरला परत येताना न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी एका चिंचेखाली लावली, मागे बसलेल्या आईला म्हणाले, "जरा पाय मोकळं करतो," आणि बुंध्याला टेकून बसले. ते उठलेच नाहीत. त्यांची ती इंग्रजी अमदानीतली काळी मोटार मग कैक वर्षं गोठ्याशेजारी पोत्यांखाली पडून राहिली.

पंचाहत्तर सालच्या सुमारास मी ती खटपट करून पुन्हा उभी केली. मावशी दौंडला राहायची, म्हणून रविवारी आईला घेऊन जायचो. जाताना गाडी गुणी पोरासारखी. परतताना मात्र त्याच चिंचेखाली इंजिन गप्प. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला.

बॉनेट उघडून प्लगची वायर काढून बघायचो, तर ठिणगीच नाही. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. शिरूरचा मिस्त्री म्हणाला, "कॉइल तापती. ठराविक पल्ला झाला की मरती. वलं फडकं गुंडाळा, गार झाली की चालू हुईल." पटलं. पण नेमकी त्या झाडाखालीच का, हे मी त्याला विचारलं नाही. मला भीती वाटत होती.

आईचं निदान वेगळं होतं. "त्यास्नी उतरायचं आसंल," म्हणायची आणि पलीकडचं दार उघडून थोडा वेळ बसायची. मग हळूच लावून घ्यायची. "लाव आता." गाडी चालू व्हायची. माझ्या फडक्यानं की तिच्या दारानं, हा वाद कधी मिटला नाही. पण तिथून पुढे ती मोकळी व्हायची, बोलायची, रात्री दोन घास नीट जेवायची.

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. पुण्याहून नवी कॉइल आणून बसवली. त्या रविवारी गाडी चिंचेपाशी आली तरी इंजिन चालूच. आईचा चेहरा बघून मीच ब्रेक मारला. तिनं दाराला हातही लावला नाही.

"तू थांबीवलीस," ती म्हणाली. "त्यांनी न्हाई."

मग तिचं जेवणच तुटलं. दिवसभर ओसरीत बसून गाडीकडे बघायची. मला ते बघवेना. शेवटी मी नवी कॉइल काढून जुनी, खराब कॉइल परत बसवली.

पुढच्या रविवारी परतताना, गाडी बंद पडावी म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होतो. चिंच दिसली, जवळ आली. इंजिन अडखळलंसुद्धा नाही. चिंच मागे गेली.

मी आरशात पाहिलं. आई दाराला अगदी चिकटून बसली होती. उरलेली सगळी सीट तिनं मोकळी सोडली होती.

"हळू चालीव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "डोळा लागलाय त्यांचा."

घर येईपर्यंत मी पुन्हा आरशात पाहिलं नाही.