शिळं दूध

शिफ्ट करून आलेल्या आईला सोनाक्का तिच्याच पोराला शिवू देत नसत. ओट्याच्या पायरीवर आडव्या उभ्या राहायच्या. "आदी मोरीत जा. दिसभर अंगात ऱ्हायल्यालं शिळं दूध पाजती व्हय लेकराला? पिळून टाक सगळं."

चिखलीत त्यांच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणाऱ्या बाया. तान्ही पोरं दिवसभर सोनाक्कांकडे. खोटं कशाला बोलू, त्या नसत्या तर आमच्यातली एकही कामावर टिकली नसती. "निवांत जा गं, मी हाय न्हवं?" म्हणायच्या, आणि रडणारं पोर त्यांच्या मांडीवर गप्प व्हायचं.

पण माझी पिहू वाळत चालली. पावडरचा डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दूध पातळ करायचं, त्यात सारखी हगवण. इकडे माझी छाती दगडासारखी व्हायची. कंपनीत संडासाला जायचं तरी लाइनवर बदली माणूस मागावा लागे, तिथे दूध कुठे काढणार? संध्याकाळी ते मोरीतून वाहून जायचं आणि दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं.

एका रविवारी रहाटणीला मावसबहिणीकडे गेले. ती आयटीत. तिच्या ऑफिसात दूध काढायला वेगळी खोली, फ्रीज, वर फोनवर सल्ला देणारी बाई. घरी तिची सासू फ्रीजमधलं सकाळचं दूध कोमट करून बाळाला पाजत होती. मी म्हटलं, "अगं, शिळं ना ते?" बहीण हसली आणि तिने त्या बाईंनाच फोन लावला. "आईच्या अंगात दूध शिळं होत नाही," बाई म्हणाल्या. "टाकू नका, आल्याबरोबर पाजा." मला रागाने रडूच फुटलं. हिचं फ्रीजमधलं चालतं आणि माझं अंगातलं नासतं होय?

सोमवारी कामावरून आल्यावर मी मोरीत गेलेच नाही. सोनाक्का वाट अडवून उभ्या. आवाज एकदम खाली आला. "माझा गणू असाच ग्येला. रानातनं आले, घाईत न पिळता पाजलं. एकदाच. दुसऱ्या दिशी पोर न्हाई."

"आणि त्याच्या आधी, अक्का?"

"त्याच्या आदी रोज टाकायचे की. सासूनं सांगितल्यालं. वरचं पाजायचे, पानी घालून. लई अशक्त व्हतं."

मी बाईंचं म्हणणं सांगितलं. वाटलं, इतक्या वर्षांचं ओझं उतरेल बिचारीचं. त्यांनी मोरीकडे बघितलं.

"म्हंजी मी टाकलं, त्ये चांगलं व्हतं?"

त्या बाजूला झाल्या. मी तिथेच बसून पिहूला पाजलं.

सकाळी नेहमीसारखी पिहूला त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं. माझ्याकडं नगं ठिवू."

कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती. माझ्या मागे बाकीच्या बाया आपापली पोरं घेऊन उभ्या होत्या.